आपण काय वाचता?

नव्या ठिकाणी बदली झाली की पहिल्या आठवड्यात दोन जागा पाहून घ्यायच्या, हा माझा जुना परिपाठ आहे. एक, कार्यालयाचा अभिलेख कक्ष आणि दुसरी, गावातले ग्रंथालय. पहिल्या जागेवरून कळते की गाव कागदावर कसे आहे. दुसऱ्या जागेवरून कळते की गाव स्वतःकडे कसे पाहते. या दोन चित्रांमधले अंतर जितके मोठे, तितके आपले काम अवघड, असा माझा अनुभव आहे.

ओडिशातील एका जिल्ह्याच्या ठिकाणी असेच एक वाचनालय होते आणि तिथे रविवारी सकाळी दहा-बारा वाचक जमत. निवृत्त शिक्षक, एक डॉक्टर, बँकेतले दोघे, कचेरीतलाच एक कारकून. नवागताने पहिल्या दिवशी आपले आवडते लेखक आणि आवडता साहित्यप्रकार सांगायचा, असा त्यांचा प्रघात होता. माझी पाळी आली तेव्हा ज्येष्ठ गुरुजींनी अदबीने विचारले, "आज्ञा, आपण काय वाचता?"

मी उत्साहाने सांगू लागलो. ज्या कादंबऱ्यांत सरकारी कचेरी, जमीन, तलाठी, वनरक्षक आणि सावकार येतात, त्या मला विशेष प्रिय, हे आधी स्पष्ट केले. मग नावे घेतली. विश्वास पाटील यांची १९९१ ची 'झाडाझडती'. धरणासाठी उठवलेल्या माणसांची फरफट त्यात आहे आणि भूसंपादनाच्या नस्तीवर 'प्रकल्पग्रस्त' हा शब्द लिहिताना तेव्हापासून माझा हात क्षणभर थबकतो. उपमन्यु चॅटर्जी यांची १९८८ ची 'इंग्लिश, ऑगस्ट'. मदना नावाच्या कल्पित गावी रुजू झालेला तरुण अधिकारी आपल्याच देशात किती परका असू शकतो, हे तिने दाखवले. तकळी शिवशंकर पिळ्ळै यांची 'कयर'. केरळच्या कुट्टनाडातील कित्येक पिढ्यांची ही कथा जमिनीची प्रतवारी करायला आलेल्या अधिकाऱ्यापासून सुरू होते. आणि श्रीलाल शुक्ल यांची १९६८ ची 'राग दरबारी'.

गुरुजींनी सारे ऐकून घेतले आणि सौम्यपणे विचारले, "आणि आमचे गोपीनाथबाबू? फकीरमोहन?"

मी त्यांतले काहीच वाचले नव्हते. भाषेची विभागीय परीक्षा उत्तीर्ण झालो होतो, अर्ज वाचता येत होते, सभेत चार वाक्ये बोलता येत होती. पण ज्या मुलखात मी जमिनीचे निवाडे देत होतो, त्या मुलखाने जमिनीविषयी काय लिहून ठेवले आहे, याचा मला पत्ता नव्हता.

त्या महिन्यात ती पुस्तके अनुवादातून वाचली. फकीरमोहन सेनापती यांच्या कादंबरीचे नावच मुळी 'छ माण आठ गुंठ'. गुंठा म्हटल्यावर मराठी माणसाचे कान टवकारतातच! आपल्याकडे चाळीस गुंठ्यांचा एकर, तिकडे पंचवीस गुंठांचा माण. १८९७ पासून मासिकातून क्रमशः आलेली आणि १९०२ मध्ये पुस्तकरूप झालेली ही कथा. भगिया आणि सारिया या निपुत्रिक विणकर जोडप्याला देवीचे देऊळ बांधण्याच्या नादी लावून, त्यासाठी कर्ज देऊन रामचंद्र मंगराज त्यांची जमीन गिळतो. कागदोपत्री यात बेकायदा शोधायला गेलो तर फारसे हाती लागत नाही. कर्ज दिले, जमीन तारण होती, फेड झाली नाही. फेरफार नोंदवणाऱ्या अधिकाऱ्याला याहून अधिक दिसत नाही आणि कादंबरीला मात्र नेमके त्यापलीकडचेच सांगायचे असते.

गोपीनाथ मोहंती तर आपल्याच पेशातले, ओडिशाच्या प्रशासकीय सेवेत आयुष्य गेलेले. त्यांच्या १९४५ च्या 'परजा'त सुक्रू जानी नावाचा आदिवासी आहे. वनरक्षकाची वाईट नजर त्याच्या मुलीवर पडते. नकार मिळताच झाडे तोडल्याचा गुन्हा उभा राहतो. दंड भरण्यासाठी सावकाराचे कर्ज आणि त्या कर्जापायी बापलेकांची वेठबिगारी. वेठबिगारीच्या उच्चाटनाचा कायदा १९७६ चा, वनहक्क मान्य करणारा कायदा २००६ चा. म्हणजे संसदेला जे उमगायला तीन आणि सहा दशके लागली, ते एका अधिकाऱ्याने डोंगरात हिंडून, ऐकून लिहून ठेवले होते.

पण या लेखाचे खरे कारण 'राग दरबारी' आहे. शिवपालगंजच्या त्या कथेत लंगड नावाचे एक गौण पात्र आहे. त्याला तहसील कचेरीतून एका कागदाची नक्कल हवी आहे. लाच द्यायची नाही, सगळे नियमाने करायचे, असा त्याचा पण. कचेरीही नियमानेच चालते आणि दर खेपेला अर्जात नवी त्रुटी निघते. हे पुस्तक मी नोकरीच्या चौथ्या-पाचव्या वर्षी वाचले. रात्री एकटाच मोठमोठ्याने हसत होतो. लंगडपाशी आलो आणि हसू थांबले.

माझ्या पहिल्या नेमणुकीत एक वृद्ध जमिनीच्या जुन्या नोंदीची नक्कल मागायला आला होता. पहिल्यांदा अर्ज परत गेला, कारण मुद्रांक कमी. दुसऱ्यांदा खाते क्रमांक चुकलेला. तिसऱ्यांदा वडिलांच्या नावाचे स्पेलिंग जुळेना. तिन्ही शेरे बिनचूक होते आणि तिन्ही शेऱ्यांखाली माझी सही होती. चौथ्यांदा तो आला नाही. प्रकरण 'निकाली' सदरात गेले. त्या महिन्याच्या आढाव्यात माझ्या निर्गतीचे प्रमाण चांगले असल्याचा उल्लेख झाला आणि मला समाधानही वाटले.

पुस्तक मिटल्यावर तो माणूस आठवला. त्याचा चेहरा आठवेना, आठवत होते ते फक्त शेरे. पुढे जुन्या सहकाऱ्याकरवी चौकशी केली. मधल्या काळात ते गृहस्थ वारले होते. नक्कल मिळाली असती तर काय झाले असते, हे मला सांगता येणार नाही. ती नाकारताना मी एकही नियम मोडला नव्हता, एवढेच सांगता येते.

काही सहकारी म्हणतील की कादंबरी हा पुरावा नव्हे. मान्य आहे. लेखक अतिशयोक्ती करतो, एकच बाजू रंगवतो आणि भावनेच्या भरात दिलेला निवाडा अपिलात टिकत नाही. तलाठ्याकडे पाहताना प्रत्येक वेळी कादंबरीतला खलनायक दिसू लागला, तर तोही अन्यायच. परंतु मी कादंबरीकडून निर्णय मागत नाही, प्रश्न मागतो. अहवाल मला किती अर्ज निकाली निघाले ते सांगतो. परत गेलेला माणूस पुन्हा का आला नाही, हे विचारायला मला लंगडने शिकवले.

लंगडच्या काळानंतर पुष्कळ बदलले आहे. माहितीचा अधिकार २००५ मध्ये आला. ठरलेल्या मुदतीत सेवा देण्याचा कायदा मध्य प्रदेशाने २०१० मध्ये, ओडिशाने २०१२ मध्ये आणि महाराष्ट्राने २०१५ मध्ये केला. ही मोठी कमाई आहे. तरीही मुदतीत दिलेला नकार हादेखील मुदतीत केलेला निपटाराच मोजला जाऊ शकतो. मुदत कागदाचा प्रवास मोजते. माणसाचा प्रवास, त्याची बुडालेली मजुरी, बसचे भाडे, घरी जाऊन सांगावा लागणारा निरोप, हे मोजणारा तक्ता आपल्याकडे नाही.

म्हणून दोन साध्या सूचना. परिविक्षाधीन अधिकाऱ्यांवर आणखी एक परीक्षा लादू नये, कारण परीक्षेसाठी वाचलेले पुस्तक दुसऱ्या दिवशी मरते. मात्र कार्यभार सोपवताना आपण जे टिपण देतो, त्यात प्रलंबित प्रकरणे आणि संवेदनशील गावांच्या यादीखाली एक ओळ वाढवावी: या मुलखाची भाषा समजण्यासाठी अमुक पुस्तक वाचा. दुसरी सूचना आढाव्याची. त्रुटीसाठी परत केलेल्या आणि पुन्हा न आलेल्या अर्जांची वेगळी यादी दरमहा समोर यावी आणि त्यांतल्या दोघा-तिघांना तरी बोलावून विचारावे. मी हे करू लागलो तेव्हा पहिल्या यादीत एकेचाळीस नावे निघाली. त्यांतल्या अनेकांना काय चुकले, हेच कोणी सांगितले नव्हते. शेरा इंग्रजीत होता.

वाचनालयातल्या त्या मंडळींना मी पुढे माझी सुधारलेली यादी सांगितली. गुरुजी हसून म्हणाले, "आता आपण आमच्या गावात आलात."

रुजू होऊन तेव्हा मला पाच महिने झाले होते.