भोगून संपलेली शिक्षा

न्यायालयाने दिलेली शिक्षा नेमकी कधी संपते? कैदी तुरुंगाच्या दारातून बाहेर पडला किंवा दंडाची पावती हाती पडली, की ती संपली, असे कायद्याचे पुस्तक सांगते. परदेशी जाण्यासाठी व्हिसाचा अर्ज भरावयास बसलेल्या माणसाचा अनुभव मात्र निराळा आहे. अमेरिकेच्या व्हिसा अर्जात अर्जदाराला पूर्वी कधीही अटक झाली होती काय किंवा कोणत्याही गुन्ह्यासाठी तो दोषी ठरला होता काय, असे विचारलेले असते. पुढे माफी मिळाली असली तरी त्याचे उत्तर ‘होय’ असेच द्यावे लागते. तीस वर्षांपूर्वी एखाद्या मोर्चात अटक होऊन निर्दोष सुटलेला शिक्षक आणि दरोड्याची शिक्षा भोगून आलेला गुन्हेगार या दोघांनाही एकाच चौकटीत खूण करावी लागते.

आपल्या भूमीवर कोणाला प्रवेश द्यावा, हे ठरविण्याचा प्रत्येक सार्वभौम राष्ट्राला अधिकार आहे, याबद्दल वाद नाही. प्रश्न हा अधिकार कोणत्या मापाने वापरला जातो, हा आहे. ‘नैतिक अधःपतना’च्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्यास अमेरिका प्रवेश नाकारते. असा गुन्हा एकच असेल, त्यास कायद्याने एक वर्षाहून अधिक कैद नसेल आणि प्रत्यक्ष शिक्षा सहा महिन्यांपेक्षा जास्त नसेल, तर मात्र सवलत मिळते. ऑस्ट्रेलियाच्या १९५८ च्या स्थलांतर कायद्यात ‘चारित्र्याची कसोटी’ आहे आणि बारा महिने वा अधिक कैदेची शिक्षा झालेला मनुष्य तीत नापास ठरतो. एवढीच कैद झालेल्या परदेशीयाला व्हिसा नाकारावा, असा ब्रिटनचा डिसेंबर २०२० पासूनचा नियम आहे. कॅनडाची व्यवस्था त्यातल्या त्यात विचारी म्हणावी लागेल. शिक्षा संपून पाच वर्षे लोटल्यावर आपण सुधारलो असल्याचे दाखवून देण्याची संधी तेथे अर्जदारास मिळते.

परंतु याच कॅनडात, केलेल्या कृत्याला तेथील कायदा काय म्हणतो, यावरून गुन्ह्याची गंभीरता ठरते. दारू पिऊन वाहन चालविल्याबद्दल आपल्या मोटार वाहन कायद्यात पहिल्या खेपेस जास्तीत जास्त सहा महिने कैद किंवा दहा हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे. कॅनडाने डिसेंबर २०१८ पासून याच गुन्ह्याची कमाल शिक्षा दहा वर्षांवर नेली आणि परदेशीयांच्या बाबतीत तो ‘गंभीर’ गुन्ह्यांच्या वर्गात जाऊन बसला. येथे दंड भरून मोकळा झालेला तरुण तेथील दाराशी मोठा गुन्हेगार ठरतो. राजकीय कैद्यांच्या बाबतीत तर ही विसंगती हास्यास्पद होते. नेल्सन मंडेला यांना १९९३ साली शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले, १९९४ साली ते दक्षिण आफ्रिकेचे अध्यक्ष झाले. तरीही त्यांना व त्यांच्या पक्षाच्या सहकाऱ्यांना अमेरिकेत जाण्यासाठी खास सवलत घ्यावी लागे. ती अट काढण्यासाठी २००८ साली अमेरिकेला स्वतंत्र कायदा करावा लागला. मंडेला यांच्यासाठी कायदा झाला. सामान्य माणसासाठी कोण करणार?

अशा वेळी सामान्य माणसाला मोह होतो तो लपविण्याचा. ‘जुनी भानगड आहे, कोणाला कळते?’ असे सांगणारे एजंट गल्लोगल्ली भेटतात. हा सल्ला घातक आहे. खोटे सांगून व्हिसा मिळविण्याचा प्रयत्न केल्यास अमेरिकेचे दार खास सवलतीवाचून कायमचे बंद होऊ शकते. ब्रिटनमध्ये दहा वर्षांपर्यंत बंदी येते. मूळ गुन्हा क्षम्य ठरला असता, पण त्यावरील खोटे क्षम्य ठरत नाही. न्यायालयाच्या निकालाची प्रमाणित प्रत जोडून सत्य सांगणे, हाच शहाणपणाचा मार्ग होय.

तथापि, परक्यांच्या नियमांना नावे ठेवण्यापूर्वी आपल्या घरात काय चालले आहे, ते पाहिले पाहिजे. परदेशी जाण्याचा हक्क हा व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली सतवंतसिंग सहानी यांच्या खटल्यात सांगितले; त्याच वर्षी पासपोर्टचा कायदा झाला. १९७८ च्या मेनका गांधी खटल्याने या हक्काला आणखी बळ दिले. पासपोर्ट कायद्याची योजना तशी माफक आहे. अर्जापूर्वीच्या पाच वर्षांत नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यासाठी दोन वर्षांहून कमी नाही इतकी कैद झाली असेल, तर पासपोर्ट नाकारता येतो. म्हणजे दोषी ठरलेल्या माणसालाही पाच वर्षांनी वाट मोकळी होते. परंतु ज्याचा खटला न्यायालयात नुसता पडून आहे, त्याच्यासाठी अशी मुदत नाही. ऑगस्ट १९९३ च्या अधिसूचनेनुसार त्याने न्यायालयाची परवानगी आणावी आणि न्यायालयाने मुदत नमूद केली नसेल, तर केवळ एक वर्षाचा पासपोर्ट घ्यावा! खटले दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षे रेंगाळणाऱ्या देशात दोषी ठरलेल्यापेक्षा न ठरलेल्याची स्थिती वाईट व्हावी, हा न्यायाचा उफराटा प्रकार आहे.

याची झळ बड्यांना फारशी लागत नाही. त्यांच्यापाशी वकील असतात. ती लागते आखाती देशांत वा बोटीवर नोकरी शोधणाऱ्या रत्नागिरीच्या जोडाऱ्याला किंवा मालवणच्या खलाशाला. नोकरीच्या व्हिसासाठी अनेक ठिकाणी पोलिसांचा दाखला मागतात. बांधावरून झालेल्या भाऊबंदकीच्या मारामारीत त्याचे नाव गोवले गेले असेल, तर दाखला अडतो. मालक मात्र तारखांसाठी थांबत नाही. जागा दुसऱ्याला जाते आणि डोक्यावर कर्ज उरते. पुढे तो निर्दोष सुटला, तरी गेलेली नोकरी त्याला कोणते न्यायालय परत देणार?

ब्रिटनने १९७४ साली कायदा करून असे ठरविले, की ठराविक काळ सरळ वागणाऱ्याची जुनी शिक्षा बहुतेक व्यवहारांत संपली असे मानावे. व्हिसाच्या बाबतीत तो देश हे औदार्य परदेशीयाला दाखवीत नाही, ही गोष्ट वेगळी. भारतात असा सर्वसाधारण कायदाच नाही. १९५८ च्या परिवीक्षा कायद्यात आणि २०१५ च्या बालन्याय कायद्यात दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता दूर करण्याची तरतूद आहे. तत्त्व आपल्याला मान्य आहे. ते प्रौढांच्या किरकोळ गुन्ह्यांना लागू करण्याचे धैर्य तेवढे झालेले नाही.

यासाठी तीन गोष्टी व्हावयास हव्यात. किरकोळ गुन्ह्यांची नोंद ठराविक मुदतीनंतर संपुष्टात आणणारा कायदा संसदेने करावा. तक्रार, खटला, निर्दोष मुक्तता आणि दोषसिद्धी या चार गोष्टी पोलिसांच्या दाखल्यात स्पष्टपणे वेगळ्या लिहिल्या जाव्यात. आणि खटला प्रलंबित असलेल्यांच्या परवानगीचे अर्ज ठराविक दिवसांत निकालात काढण्याचे बंधन असावे. आपला कायदा बदलला म्हणून वॉशिंग्टन किंवा लंडन येथील अधिकारी आपले नियम बदलणार नाहीत, हे उघड आहे. पण आपल्या नागरिकाची शिक्षा संपली, असे त्याचे स्वतःचे सरकारच लेखी सांगत नसेल, तर परक्याने ते मानावे, ही अपेक्षा तरी कोणत्या तोंडाने करावयाची?