फोनच्या पलीकडचा माणूस

१९५१ साली ल कार्बुझिए या वास्तुरचनाकाराने चंदीगड शहराचा आराखडा हाती घेतला, तेव्हा त्याने घरांइतकाच रस्त्यांचाही विचार केला. शहराचे आयताकृती विभाग पाडून त्यांना ‘सेक्टर’ असे नाव देण्यात आले. एक सेक्टर साधारणपणे १,२०० मीटर लांब आणि ८०० मीटर रुंद. रस्त्यांचे सात प्रकार ठरवण्यात आले. वेगवान वाहनांनी सेक्टरच्या कडेने जावे, त्या रस्त्यावर कोणत्याही घराचे दार उघडू नये आणि पायी चालणाऱ्यांना हिरवळीतून स्वतंत्र वाट असावी, अशी ही योजना होती. मोठे रस्ते जेथे एकमेकांना छेदतात, तेथे अनेक ठिकाणी वर्तुळाकार चौक बांधण्यात आले.

हे वर्तुळाकार चौक जरा बारकाईने पाहण्याजोगे आहेत. सिग्नलच्या चौकात लाल दिवा वाहनाला थांबवतो आणि हिरवा दिवा सोडतो. चालकाने फक्त आज्ञा पाळायची असते. वर्तुळाकार चौकात आज्ञा देणारे कोणी नसते. उजवीकडून येणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यावी लागते, आपली रांग वेळीच धरावी लागते, बाहेर पडण्यापूर्वी वळण्याचा दिवा दाखवावा लागतो आणि कडेने एखादा सायकलस्वार येत नाही ना, हेही पाहावे लागते. हे सारे काही क्षणांत उरकायचे असते. वाहने वाढल्यावर यांतील काही चौकांनाही सिग्नल बसवावे लागले. परंतु मूळ कल्पना चालकाच्या सावधपणावर विसंबलेली होती. गाडी चालवणाऱ्याचे डोळे, कान आणि मन रस्त्यावर आहे, हे त्या रचनेत गृहीत धरलेले होते. भ्रमणध्वनीने नेमके हेच गृहीत मोडून काढले.

ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सुमारे साडेसोळा मीटर अंतर तोडते. खिशातला फोन वाजला, चालकाने तो काढून नाव पाहिले आणि पाच सेकंद गेली, असे मानू. तेवढ्या वेळात वाहन सुमारे ८३ मीटर पुढे गेलेले असते. चंदीगडच्या एका सेक्टरच्या रुंदीचा दहावा भाग चालकाने जवळजवळ डोळे मिटून पार केला, असा याचा अर्थ होतो. डोळ्यांवर पट्टी बांधून एवढे अंतर गाडी चालवून दाखव, असे कोणी सांगितले तर शहाणा माणूस त्याला वेड्यात काढील. ‘एवढं बोलून घेतो’ म्हणताना मात्र त्यालाच काही वावगे वाटत नाही.

यावर एक उत्तर नेहमी दिले जाते. फोन हातात धरला तर धोका, कानात यंत्र घालून बोलले तर काय बिघडले? हात तर मोकळे असतात! हा युक्तिवाद वरवर पटण्यासारखा आहे, म्हणूनच तो अधिक घातक आहे. १९९७ साली कॅनडातील टोरांटो येथील दोन संशोधकांनी, अपघातात सापडलेल्या ६९९ वाहनचालकांच्या दूरध्वनीच्या नोंदी तपासल्या. फोनवर बोलत असताना अपघाताचा धोका सुमारे चौपट होतो, असे त्यांना आढळले. फोन हातात न धरता बोलणारे अधिक सुरक्षित असल्याचा पुरावा मात्र मिळाला नाही. (याच पाहणीतील अनेकांना अपघातानंतर मदत मागवण्यासाठी तोच फोन उपयोगी पडला, हेही नमूद करायला हवे. वस्तू वाईट नसते, वेळ वाईट असते.) जागतिक आरोग्य संघटनाही आज हेच सांगते. हात मोकळे असले तरी मन मोकळे नसते. डोळे समोर पाहत असतात, पण पाहिलेले मनापर्यंत पोहोचत नाही.

मग शेजारी बसलेल्या माणसाशीही बोलू नये काय, असा प्रश्न कोणी विचारील. शेजारचा माणूस आणि फोनवरचा माणूस यांत मोठा फरक आहे. शेजारच्याला रस्ता दिसत असतो. समोर ट्रक आडवा आला की तो बोलता बोलता थांबतो, कधी ‘अहो, जपून!’ म्हणून चालकाला सावधही करतो. फोनवरच्या माणसाला यांपैकी काहीच दिसत नाही. चालक चौकात शिरला आहे, पाऊस आहे, पुढे शाळेची मुले रस्ता ओलांडत आहेत, याची त्याला गंधवार्ताही नसते. तो आपले म्हणणे पुढे रेटीत राहतो आणि उत्तराची वाट पाहतो. उत्तराला उशीर झाला की ‘ऐकू येतंय ना?’ असेही विचारतो.

कायद्याने या प्रश्नाकडे पाहायला वेळ घेतला, आणि ते स्वाभाविकही होते. मोटार वाहन कायदा १९८८ सालचा. भारतात भ्रमणध्वनीवरील पहिले संभाषण झाले ते ३१ जुलै १९९५ रोजी. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या रस्ता सुरक्षा समितीने, वाहन चालवताना फोन वापरणाऱ्याचा परवाना किमान तीन महिने निलंबित करावा, असे राज्यांना कळवले. पुढे २०१९ च्या दुरुस्तीने वाहन चालवताना हातातील फोनचा वापर हा धोकादायक वाहन चालवण्याचाच एक प्रकार ठरवला. पहिल्या गुन्ह्यास एक हजार ते पाच हजार रुपये दंड किंवा तुरुंगवास, अथवा दोन्ही. तीन वर्षांत तो पुन्हा केल्यास दहा हजारांपर्यंत दंड. चंदीगडमध्ये २०२२ साली एकात्मिक नियंत्रण केंद्र सुरू झाले आणि कॅमेऱ्यांनी टिपलेल्या नियमभंगाच्या दंडाच्या सूचना चालकांना जाऊ लागल्या. हे सारे योग्यच आहे. परंतु कॅमेरा हात टिपतो. मन कोठे आहे, ते त्याला टिपता येत नाही. शिवाय संभाषणाला दोन टोके असतात, आणि कायद्याला त्यांपैकी एकच टोक दिसते.

दुसऱ्या टोकाला कोण असते? चंदीगड असो की पुणे, नाशिक असो की सोलापूर, चित्र सारखेच. टेम्पोचा मालक विचारतो, ‘कुठं पोहोचलास रे? गिऱ्हाईक खोळंबलंय.’ घरून पत्नी विचारते, ‘निघालात का? किती वाजेपर्यंत याल?’ आई विचारते, ‘जेवलास का?’ यांतील एकाचाही हेतू वाईट नसतो. मालकाला धंद्याची काळजी, घरच्यांना माणसाची. तथापि, ज्याच्या काळजीपोटी फोन केला, त्यालाच तो फोन संकटात लोटू शकतो, हा विचार फारच थोड्यांच्या मनात येतो. चालकाने फोन उचलला नाही तर मालक रागावतो, घरचे घाबरतात. म्हणून तो चालत्या गाडीत फोन उचलतो. त्याला बेजबाबदार म्हणणे सोपे आहे. पण त्याच्या रोजगाराची दोरी ज्याच्या हाती आहे, त्याने दिवसातून दहा वेळा ती ओढावी आणि दोष मात्र चालकाला द्यावा, हा न्याय नव्हे.

म्हणून या बाबतीतला पहिला नियम फोन करणाऱ्याने पाळायला हवा. ‘हॅलो’ नंतरचा पहिला प्रश्न ‘गाडी चालवतो आहेस का?’ हा असावा, आणि उत्तर ‘हो’ आले तर पुढे एक शब्दही न बोलता फोन ठेवावा. मालकाने चालकाला निघताना आणि पोहोचल्यावर कळवायला सांगावे; मधल्या वेळात त्याला त्याच्या कामावर सोडून द्यावे. लांबच्या फेरीत दर दोन-तीन तासांनी चहासाठी गाडी थांबतेच, तेव्हा घरी बोलता येते. फोन नसतानाही ट्रक मुंबईहून दिल्लीला जात होते आणि त्यांची माणसे घरी परतत होती.

आता एक नवाच वर्ग रस्त्यावर आला आहे. जेवणाची पाकिटे आणि सामान घरोघर पोहोचवणारी ही तरुण मुले दुचाकीच्या हँडलवर फोन बसवूनच दिवस काढतात. पत्ता त्यावर, मागणी त्यावर, गिऱ्हाईकाचा फोनही त्यावरच. १ ऑक्टोबर २०२० पासून नियमांनी वाट शोधण्यापुरता फोनचा वापर करण्यास मुभा दिली, तीही चालकाचे लक्ष विचलित होणार नाही, या अटीवर. चालत्या दुचाकीवर नव्या मागणीची घंटा वाजते किंवा ‘अजून किती वेळ?’ असे विचारणारा गिऱ्हाईकाचा फोन येतो, तो काही वाट शोधण्यासाठी नसतो. तरीही वर्तुळाकार चौकात त्या मुलाची नजर खाली जाते. दंडाची पावती फाटली तर ती त्याच्याच नावाने फाटते. पलीकडे जेवणाची वाट पाहणाऱ्याला त्याची खबरही नसते.