डिझाइन स्वस्त झाले, निवड महागच

भिवंडी असो की सुरत, कापडाच्या पेढीवर हल्ली मोबाईलवर डिझाइन दाखविणारा एखादा तरुण हमखास भेटतो. दोन ओळी लिहायच्या, की कृत्रिम बुद्धिमत्ता घटकाभरात वीस डिझाइने काढून देते. ज्या कामाला मास्तर आठ-आठ दिवस घेत असत, ते चहा संपायच्या आत! साहजिकच आमचे काही व्यापारी बंधू म्हणू लागले आहेत की मास्तरांची गरज संपली. काहीजण या साऱ्याला थोतांड म्हणतात. माझ्या मते दोघेही चुकतात.

चित्र म्हणजे माल नव्हे. छपाईला न्यायचे तर डिझाइनचे रिपीट जुळावे लागते, रंग वेगळे करावे लागतात आणि स्क्रीन छपाईत जितके रंग तितके स्क्रीन. गेल्या वर्षी असेच एक देखणे डिझाइन आमच्याकडे आले. त्यातील छटा मोजता मोजता छपाईवाला हसू लागला. शेवटी ते सहा रंगांत बसविले आमच्या जुन्या मास्तरांनीच. बाजारात डिझाइन काढण्याचे पैसे मिळतात, बसविण्याचे कुणी वेगळे देत नाही. हा दर आता ठरवावाच लागेल, नाहीतर ही विद्या जाणणारे उरणार नाहीत.

खरा बदल मात्र निवडीत आहे. अमेरिकेतील स्टिच फिक्स कंपनीने २०१७ च्या सुमारास ग्राहकांच्या पसंती-नापसंतीच्या नोंदींवरून यंत्राकडून गळा, बाही, छापा यांच्या नव्या जोड्या सुचवून घेतल्या. अंतिम निवड माणसांनी केली. चीनमध्ये सुरू झालेली शीन कंपनी नव्या कपड्याचे आधी शंभर-दोनशे नगच काढते आणि खप पाहून पुढचा माल बनविते. (तिच्या पुरवठादारांकडील कामाच्या तासांबद्दल गंभीर तक्रारी आहेत, तेव्हा तिचा कित्ता गिरवा असे मी म्हणणार नाही.) आपल्याकडे हजारो मीटरचा लॉट आधी निघतो, गिऱ्हाईक नंतर शोधले जाते. पडून राहिलेले तागे मग मिळेल त्या भावाने जातात.

उधारीचा व्यवहार लिहून ठेवावा, असा कुरआनचा स्पष्ट आदेश आहे आणि उधारीची वही आपण जिवापाड सांभाळतो. पण कोणता रंग परत आला, का आला, दुकानदाराने काय मागितले जे आपल्यापाशी नव्हते, हे लिहितो कोण? ते शेठजींच्या डोक्यात राहते आणि त्यांच्याबरोबरच कबरीत जाते. यंत्राला तर हेच हवे असते. ऑनलाइन विकणाऱ्या कंपन्यांकडे ते आपोआप जमा होते. आपण त्यांना माल देतो, सोबत ही माहितीही फुकट देतो. उद्या तोच माल त्यांनी स्वतःच्या नावाने उतरविला तर तक्रार कुणाकडे करणार?

गेल्या रमजानपासून माझ्या मुलीने पेढीवर परत आलेल्या मालाची वही सुरू केली आहे. पहिल्या तीन महिन्यांतच दिसून आले की सर्वांत जास्त परत येतो तो फिका पिस्ता रंग, जो मी पंचवीस वर्षे हमखास चालणारा समजून छापत आलो. येत्या ईदच्या मालात तो घ्यायचा की नाही, यावर अजून आमचे एकमत झालेले नाही. मास्तर माझ्या बाजूने आहेत, वही तिच्या.