वऱ्हाडी बोली पडद्यावर, वऱ्हाडी नट कडेला

केंद्र सरकारने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे मराठी भाषा विद्यापीठही सुरू झाले. ‘लीळाचरित्रा’च्या मुलखाला उशिरा का होईना न्याय मिळाला, अशी भावना वऱ्हाडात उमटणे स्वाभाविक होते. मात्र ग्रंथांवरून नजर काढून रुपेरी पडद्याकडे पाहिले की चित्र बदलते. मराठी चित्रपटात कोणी ‘मले’, ‘तुले’ म्हणू लागला की प्रेक्षक हसण्याच्या तयारीने सावरून बसतो आणि वऱ्हाडाचे दुःख दाखवायचे झाले, की त्यासाठीचा चेहरा बहुधा पुण्या-मुंबईहून येतो. अमरावती-अकोल्याच्या नाट्यवर्तुळात ही खंत नवी नाही. तिचा तपशिलाने विचार मात्र क्वचितच झाला आहे.

या विषयाचा ठळक दाखला १९७७ चा आहे. त्या वर्षी गाडगेबाबांच्या जीवनावरील ‘देवकीनंदन गोपाला’ हा चित्रपट आला. ज्यांच्यावर चित्रपट, ते बाबा शेंडगावचे. दिग्दर्शक राजदत्त धामणगावचे. लेखणी गो. नी. दांडेकरांची, त्यांचा जन्म परतवाड्याचा आणि बाबांचा सहवास त्यांनी स्वतः अनुभवलेला. चरित्रनायक, दिग्दर्शक आणि लेखक असे तिघेही आजच्या अमरावती जिल्ह्यातले असण्याचा हा योग मराठी चित्रसृष्टीत विरळाच म्हणावा लागेल. पडद्यावरचे गाडगेबाबा मात्र डॉ. श्रीराम लागू यांनी साकारले.

लागूंच्या अभिनयाबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. ‘नटसम्राट’ गाजवून आलेल्या या नटाने खराटा हाती धरला आणि स्वतः निरीश्वरवादी असूनही बाबांची तळमळ प्रेक्षकांपर्यंत पोहोचवली. प्रश्न त्यांच्या गुणवत्तेचा नाही, निवडीमागच्या हिशेबाचा आहे. गाडगेबाबांचे कीर्तन म्हणजे श्रोत्यांना प्रश्न विचारून त्यांच्याच तोंडून उत्तर काढून घेणारा, अस्सल वऱ्हाडी बोलीतला संवाद होता. त्यांच्या अखेरच्या काळातील कीर्तनाचे ध्वनिमुद्रण आजही ऐकायला मिळते. ते ऐकले की लक्षात येते, की ती बोली त्यांच्या विचाराचे हत्यार होती. त्या बोलीत जन्मलेला नट ही भूमिका पेलू शकेल का, हे तपासून पाहण्याची गरज चित्रव्यवसायाला त्या काळी वाटली नसावी. व्यवसायाला नाव हवे होते आणि ते नाव त्याच्याकडे होते.

बत्तीस वर्षांनंतरही परिस्थिती फारशी बदललेली दिसत नाही. विदर्भातील शेतकरी आत्महत्यांवरचा सतीश मनवर यांचा ‘गाभ्रीचा पाऊस’ २००९ मध्ये आला. नवरा जिवाचे बरेवाईट करील या धास्तीने त्याच्यावर मुलाकरवी पाळत ठेवणारी बायको आणि आपल्यावर पाळत आहे हे न उमगलेला किसना, अशी ही कथा. करुणेच्या काठावर उभा राहून केलेला असा विनोद मराठीत दुर्मीळ आहे. चित्रपटाने रॉटरडॅमच्या महोत्सवापर्यंत मजल मारली. किसनाची भूमिका गिरीश कुलकर्णी यांनी, तर त्याच्या पत्नीची सोनाली कुलकर्णी यांनी केली. दोघांनीही बोलीवर मेहनत घेतल्याचे जाणवते. तरीही ती शिकलेली बोली आहे, हे वऱ्हाडी कानाला कळल्यावाचून राहत नाही. त्याच वर्षी बुलडाण्याच्या रमेश इंगळे उत्रादकर यांच्या ‘निशाणी डावा अंगठा’ या कादंबरीवरून त्याच नावाचा चित्रपट झाला. साक्षरता मोहिमेच्या कागदी यशाची ही बोचरी कथा पडद्यावर नेताना भिस्त होती ती अशोक सराफ आणि मकरंद अनासपुरे यांच्यावर. पहिले मुंबईचे, दुसरे मराठवाड्याचे.

बोलीचा प्रश्न केवळ हेलाचा असता तर तो सरावाने सुटला असता. वऱ्हाडीत ‘ळ’चा ‘य’ होतो, ‘मला’चे ‘मले’ होते आणि ‘काय करतो आहेस’ याऐवजी ‘काय करून राह्यला’ असे विचारले जाते. यातला ‘मले’ कोणीही उचलतो. ‘करून राह्यला’ची लय उचलणे अवघड असते आणि ‘ळ’चे काय करायचे, यावर तर बहुतेक जण मुकाट्याने प्रमाण मराठीकडे परततात. अकोल्याचे कवी विठ्ठल वाघ यांची तिफणीवरची प्रसिद्ध कविता हे याचे बोलके उदाहरण ठरावे. कवितेतली माती ‘काया’ आहे. ‘अरे संसार संसार’ या १९८१ च्या चित्रपटात तिचे गाणे झाले, घराघरांत पोहोचले, पण तोवर माती ‘काळ्या’ झाली होती. एका अक्षराचा फरक. पण पेरणी करणारा माणूस कुठला, हे ठरवणारे अक्षर तेच होते.

गंमत अशी, की उर्वरित महाराष्ट्रात ‘वऱ्हाड’ हा शब्द रंगभूमीवर गाजला तो डॉ. लक्ष्मण देशपांडे यांच्या ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ या एकपात्री प्रयोगामुळे. त्यातले वऱ्हाड लग्नाचे आहे आणि बोली मराठवाड्याची! वऱ्हाडाशी त्याचा संबंध नावापुरताच. तरीही त्या प्रयोगावरून वऱ्हाडी माणसाची कल्पना करणारे प्रेक्षक आजही भेटतात.

मग अस्सल वऱ्हाडी नटाच्या वाट्याला काय आले? या प्रश्नाचे उत्तर शोधताना अमरावती जिल्ह्यातील भारत गणेशपुरे यांचे नाव सर्वप्रथम समोर येते. ‘फू बाई फू’ आणि त्यानंतर २०१४ ते २०२४ अशी दहा वर्षे चाललेला ‘चला हवा येऊ द्या’ या कार्यक्रमांनी त्यांना राज्यभर ओळख दिली. त्यांनी बोली सोडली नाही, सौम्यही केली नाही. उलट तिलाच भांडवल केले. कोकणातल्या प्रेक्षकालाही वऱ्हाडीची ओळख झाली ती बव्हंशी त्यांच्यामुळे, हे श्रेय त्यांना द्यावेच लागेल. परंतु या यशाला एक दुसरी बाजू आहे. दूरचित्रवाणीने बोलीला जो साचा दिला, तोच चित्रपटाने उचलला. गणेशपुरे पडद्यावर येतात ते प्रामुख्याने प्रसंगापुरते, हशा वसूल करण्यासाठी. संपूर्ण चित्रपटाचा भार वऱ्हाडी बोलणाऱ्या, वऱ्हाडातच घडलेल्या नटाच्या खांद्यावर आहे आणि तो नट गंभीर आहे, असे उदाहरण चटकन ओठांवर येत नाही.

याचे मूळ कलेपेक्षा बाजारात अधिक आहे. ‘मध्यप्रांत व वऱ्हाड’ हा प्रांत १९५० मध्ये इतिहासजमा झाला. चित्रपट वितरणाच्या वहीत मात्र ‘सी. पी. बेरार’ हे क्षेत्र कायम राहिले. या क्षेत्राची वितरण कार्यालये अमरावतीत होती आणि वितरकांच्या संघटनेचे मुख्यालय भुसावळला. म्हणजे चित्रपटाचा व्यापार वऱ्हाडाला अपरिचित होता, असे मुळीच नाही. पण हा व्यापार प्रामुख्याने हिंदीचा होता. मराठी निर्माता पुणे, कोल्हापूर, सोलापूरकडे पाहून चित्रपट काढी; विदर्भात मोजक्या प्रती जात आणि त्याही उशिरा. चित्रपट वेळेवर येत नाही म्हणून प्रेक्षक हिंदीकडे वळे आणि प्रेक्षक हिंदीकडे वळतो म्हणून चित्रपट येत नसे. या दुष्टचक्रातून ‘विदर्भात मराठी चित्रपट चालत नाही’ हा समज पक्का झाला. जेथून गल्ल्याची अपेक्षाच नाही, तेथल्या नटावर पैसा कोण लावणार? डिजिटल प्रक्षेपणामुळे प्रतींचा खर्च जवळजवळ संपला. समज मात्र संपलेला नाही.

ज्या प्रदेशांनी ही कोंडी फोडली, त्यांच्याकडे स्वतःचे काहीतरी होते. कोल्हापुरात १९२९ मध्ये ‘प्रभात’ उभी राहिली. ती १९३३ मध्ये पुण्याला गेली तरी भालजी पेंढारकरांच्या जयप्रभा स्टुडिओने तिथली परंपरा टिकवली. त्यामुळे पश्चिम महाराष्ट्राची बोली हीच ‘ग्रामीण मराठी’ म्हणून पडद्यावर रुळली. मालवणीला मच्छिंद्र कांबळी आणि ‘वस्त्रहरण’ मिळाले. झाडीपट्टीत तर वडसा-देसाईगंजची नाटकमंडळी स्वतःच्या तिकीटबारीवर उभी आहेत. करमाळ्याच्या नागराज मंजुळे यांनी ‘सैराट’साठी २०१६ मध्ये अकलूजची शाळकरी मुलगी नायिका म्हणून उभी केली आणि मराठीतला सर्वाधिक कमाईचा चित्रपट दिला, तेव्हा ‘ओळखीचा चेहरा लागतो’ हा युक्तिवादही निकाली निघायला हवा होता.

फ्रान्सची परिस्थिती या संदर्भात उद्बोधक आहे. पॅरिसचे वर्चस्व आपल्याकडच्या पुण्या-मुंबईहून अधिक कडवे. दक्षिणेकडचा हेल हा तिथेही थट्टेचाच विषय होता. मार्सेल पान्योल यांनी १९३० च्या दशकात मार्सेय येथे स्वतःचा स्टुडिओ उभारला आणि रेम्यू, फर्नांदेल यांच्यासारख्या दाक्षिणात्य नटांना त्यांच्याच उच्चारांसह मध्यवर्ती भूमिकांत उभे केले. ‘मारियूस’, ‘फॅनी’ आणि ‘सेझार’ या त्रयीतला बंदरावरचा मद्यगृहचालक रेम्यूने असा रंगवला, की त्याच्या हेलाला हसणारा पॅरिसचा प्रेक्षक त्याच्यासोबत हळवाही होऊ लागला.

त्याहून जवळचे उदाहरण दॅनी बून यांचे. उत्तर फ्रान्समधील आर्मांतिएर येथे १९६६ मध्ये जन्मलेल्या या नटाची सुरुवातही एकपात्री विनोदानेच झाली. उत्तरेकडच्या ‘श्ती’ या बोलीत त्यांनी २००३ मध्ये अख्खा कार्यक्रम केला. त्याच्या ध्वनिचित्रफितीला फ्रेंच उपशीर्षके द्यावी लागली. पुढे २००८ मध्ये त्यांनी स्वतः लिहून, दिग्दर्शित करून चित्रपट काढला. टपाल खात्यातील एका अधिकाऱ्याची दक्षिणेतून उत्तरेत शिक्षेची बदली होते, अशी ही कथा. थंडी, अगम्य बोली, मागास माणसे या भीतीने हादरलेला अधिकारी तिथेच रमतो. मेळघाटात बदली म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना ही कथा वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही. फ्रान्समध्ये या चित्रपटाची दोन कोटींहून अधिक तिकिटे विकली गेली. बून यांनी त्यात पोस्टमनची प्रमुख भूमिका केली आणि विनोद बोलीवर करण्याऐवजी बोलीला घाबरणाऱ्यांवर केला. नेमका हाच बदल आपल्याकडे घडलेला नाही.

नट नाहीत, ही सबब मान्य होण्यासारखी नाही. राज्य नाट्य स्पर्धेत अमरावती, अकोल्याचे संघ उतरत आले आहेत. संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाच्या युवा महोत्सवातूनही मुले पुढे येतात. त्यापुढची पायरी मात्र साडेसहाशे किलोमीटरवर आहे. मुंबईत खोली घेऊन राहण्याची ऐपत असलेलाच टिकतो आणि टिकण्यासाठी पहिली गोष्ट शिकतो ती ‘ळ’. अभिनयाचे रीतसर शिक्षण न घेतलेला माणूसही काय करू शकतो, हे नागपूरच्या वीरा साथीदार यांनी चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’मध्ये दाखवून दिले. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवणाऱ्या आणि २०१५ मध्ये भारतातर्फे ऑस्करसाठी गेलेल्या त्या चित्रपटातला लोकशाहीर म्हणून दिग्दर्शकाने चळवळीतला कार्यकर्ता निवडला. साथीदार यांचे एप्रिल २०२१ मध्ये करोनाने निधन झाले. इतक्या मोठ्या यशानंतरही नट म्हणून त्यांची ओळख त्या एका भूमिकेपुरतीच राहिली.

रिद्धपूरच्या विद्यापीठाने बोलींचे कोश करावेत, शब्द जपावेत, अशी अपेक्षा व्यक्त होते आणि ती रास्त आहे. पण कोशातला शब्द कसा उच्चारायचा, हे पुढच्या पिढीला नटच सांगू शकतो. २३ फेब्रुवारी २०२६ ही गाडगेबाबांच्या जन्माला दीडशे वर्षे पूर्ण होण्याची तारीख. या निमित्ताने बाबांवर पुन्हा चित्रपट काढण्याचे कोणी मनावर घेतले, तर दर्यापूर, अंजनगाव, मूर्तिजापूरच्या पट्ट्यात नटाचा शोध घेण्यासाठी मुंबईहून निघणारी गाडी थेट बडनेऱ्याला येते.