बसचा प्रवास आणि पाण्याचा घोट

गेल्या सप्टेंबरमध्ये आईला घेऊन कार्डिफला बहिणीकडे गेलो होतो. तिच्या वस्तीतील ज्येष्ठांची सहल एका मंगळवारी ॲबरगेव्हनीला निघाली, त्यात आम्हां दोघांनाही जागा मिळाली. अस्क नदीकाठचे हे जुने बाजारगाव बसने तासाभराच्या अंतरावर आहे. मंगळवार हा तेथील बाजाराचा वार. घड्याळाच्या मनोऱ्याखालच्या बाजारगृहात आई रमून गेली. तेथून आम्ही किल्ल्याकडे वळलो. अकराव्या शतकातील हा नॉर्मन किल्ला आज बहुतांशी पडक्या भिंतींच्या रूपात उरला आहे. ११७५ साली मेजवानीस बोलावलेल्या वेल्श सरदारांची येथेच कत्तल झाली, हे मी आईला सांगत होतो. ती बाकावरून उठली आणि माझ्या हाताला धरून खाली बसली. डोळ्यांपुढे अंधारी आली होती.

गवतावर आडवे करून तिचे पाय पिशवीवर उंच ठेवले. नाडी जलद पण नियमित होती. छातीत दुखत नव्हते, बोलणे स्पष्ट होते. ‘‘सकाळपासून पाणी किती प्यायलीस?’’ ‘‘गोळीपुरतं. अरे, बसमध्ये जावं लागलं तर कोणाला सांगायचं?’’ ती गोळी रक्तदाबाची, लघवी वाढवणारी. तीस वर्षे रुग्णांना हाच प्रश्न विचारणाऱ्या मला घरून निघताना तो सुचला नाही.

संकोचापोटी पाणी तोडणारे ज्येष्ठ मला प्रत्येक सहलीच्या हंगामात भेटतात. सोबत जाणाऱ्यांनी बस कोठे थांबणार हे आदल्या दिवशीच विचारून त्यांना सांगावे. निम्मी भीती तेथेच जाते. न्याहारीबरोबर पाणी घ्यावे, पुढे घोट घोट. हृदयाच्या वा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाण्याचे प्रमाण ठरवून दिले असेल, तर तेच पाळावे. गोळी मनाने बंद करू नये. त्या दिवसापुरती वेळ बदलता येईल का, हे आपल्या डॉक्टरांना विचारावे. बसल्या जागेवरून उठताना क्षणभर आधार धरून उभे राहावे. मधुमेहींनी खाऊ जवळच बाळगावा, सहलीतले जेवण वेळेवर होतेच असे नाही. मात्र शुद्ध हरपली, छातीत दुखले किंवा बोलणे अडखळले, तर पाणी पाजत बसू नये. तत्काळ रुग्णवाहिका बोलवावी.

अर्ध्या तासाने आई सावरली. जवळच्या सेंट मेरी चर्चमध्ये ओकच्या एकाच खोडातून कोरलेली, पहुडलेल्या वृद्ध जेसीची पंधराव्या शतकातील भव्य मूर्ती आहे. ती पाहून आई म्हणाली, ‘‘यालाही मुलानं पाणी विचारलं नव्हतं वाटतं!’’