वैमानिकाचे कान आणि किमान देकार

मल्लिकार्जुनाच्या डोंगराखालील बेट्टदपुर (जि. मैसूर) येथील शांततेत बसून विमानातील गोंगाटाविषयी लिहिणे काहीसे विसंगत आहे, हे मान्य. परंतु जेट वैमानिकांसाठी हेडसेट निवडणे हा शासकीय खरेदीतील एक बोलका प्रश्न आहे.

केंद्राच्या सर्वसाधारण वित्तीय नियम, २०१७ मधील नियम १४४ नुसार विनिर्देशांनी मूलभूत गरज भागवावी, अनावश्यक वैशिष्ट्ये टाळावीत. तांत्रिक छाननीनंतर सहसा किमान देकारच स्वीकारला जातो. साहजिकच, वजनाची कमाल मर्यादा लिहिली नसेल तर समितीला जड पण स्वस्त संच नाकारता येत नाही. तो डोक्यावर वागवणारा समितीत नसतोच!

बंगळूरच्या जक्कूर येथील शासकीय उड्डाण शाळेतील पंख्याच्या विमानांना कान पूर्ण झाकणारा, साडेतीनशे ग्रॅमच्या आसपासचा संच योग्य. जेटच्या कॉकपिटात मुख्यतः बाहेरील हवेचा सळसळाट असतो, आणि शेजारच्या सहकाऱ्याचे बोलणेही ऐकू यावे लागते. तेथे सव्वाशे ग्रॅमचा संच पुरतो. शिवाय, अमर बोस यांना १९७८ मध्ये विमानप्रवासात सुचलेले आणि १९८९ मध्ये वैमानिकांसाठी बाजारात आलेले विरुद्ध ध्वनिलहरींचे तंत्र खालच्या पट्टीतील घरघरीवरच विशेष चालते; वरच्या पट्टीसाठी कानावरची गादीच कामी येते. त्यामुळे डेसिबलचा एकच आकडा न मागता कंप्रतावार आलेख मागवावा.

नमुना संच वैमानिकांनी प्रत्यक्ष उड्डाणात काही तास वापरावा व तशी अट निविदेतच असावी. एखाद्या कंपनीच्या माहितीपत्रकावरून उतरवलेल्या विनिर्देशांवर मात्र लेखापरीक्षक आक्षेप घेणार, आणि ते रास्तच आहे.