कायदा तिथे जागा, इथे मुका

परभणीच्या एखाद्या सुशिक्षित घरात मुलींच्या खतन्याचा विषय निघाला, तर पहिला उद्गार बहुधा आश्चर्याचा असतो : 'मुलांची सुंता ऐकून आहोत; मुलींचीही करतात?' ही चाल आफ्रिकेतच नव्हे, तर मुंबईतही आहे, असे सांगितले की दुसरा प्रश्न येतो : 'असेल, पण आपला त्याच्याशी काय संबंध?' पहिला प्रश्न अज्ञानाचा आहे, दुसरा उदासीनतेचा. अज्ञान माहितीने दूर होते. उदासीनतेला मात्र जाब विचारावा लागतो.

दाऊदी बोहरा हा मुख्यतः गुजरात आणि महाराष्ट्रात वसलेला, व्यापारात अग्रेसर आणि शिक्षणात पुढारलेला छोटा समाज. या समाजात सुमारे सात वर्षांच्या मुलीला काही तरी गोड निमित्त सांगून घरातील वडीलधारी स्त्री घेऊन जाते आणि तिच्या जननेंद्रियाच्या अत्यंत नाजूक भागावरील त्वचा कापली जाते. त्या भागाला 'हराम नी बोटी', म्हणजे पापाचा मांसखंड, असे नाव आहे. देहाच्या एका निरागस अवयवाला पाप ठरवायचे आणि ते पाप सात वर्षांच्या बालिकेच्या माथी मारायचे, यालाच 'शुद्धी' म्हणावे काय? भारतातील बहुसंख्य मुसलमानांत ही चाल नाही आणि कुराणात तिचा आदेश नाही. त्यामुळे हा साऱ्या मुसलमान समाजावरचा आरोप नाही. आक्षेप आहे तो त्या पात्याला आणि त्याला संरक्षण देणाऱ्या मौनाला.

हेच पाते स्थलांतरितांबरोबर परदेशी गेले तेव्हा काय झाले? ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्स राज्यात दोन अल्पवयीन बोहरा बहिणींवर हा विधी झाल्याचे प्रकरण न्यायालयात गेले. 2015च्या नोव्हेंबरात मुलींची आई, एक निवृत्त सुईण आणि समाजाचा एक धर्मप्रमुख यांना दोषी ठरविण्यात आले. वरच्या न्यायालयात हा निकाल फिरला. पण 2019च्या ऑक्टोबरात तेथील सर्वोच्च न्यायपीठाने निःसंदिग्धपणे सांगितले की, इजा लहान असली तरी तीही कायद्याने निषिद्धच आहे. 'केवळ टोचणी', 'नाममात्र ओरखडा' हा बचाव तेथे कोसळला. अमेरिकेत 2017 साली मिशिगनमध्ये एका डॉक्टर महिलेवर खटला उभा राहिला. 2018 मध्ये न्यायाधीशांनी 1996चा केंद्रीय कायदा राज्यांच्या अधिकारावर अतिक्रमण करणारा म्हणून रद्द ठरविला आणि खटला कोलमडला. पण तो देश हात बांधून बसला नाही. 2021च्या जानेवारीत सुधारित कायदा अमलात आला. ब्रिटनने तर 1985 सालीच ही प्रथा गुन्हा ठरविली. फ्रान्सने वेगळा कायदाही केला नाही; सर्वसाधारण फौजदारी कायद्याखालीच त्याने कापणाऱ्यांना तुरुंगात धाडले.

या साऱ्यात भारतीयांनी ध्यानात घ्यावी अशी एक गोष्ट आहे. सिडनीच्या निकालानंतर 2016 साली परदेशांतील अनेक बोहरा जमातींनी आपल्या सदस्यांना पत्रे धाडली : ज्या देशात राहता त्या देशाचा कायदा पाळा, हा विधी करू नका. त्याच वर्षी समाजाच्या सर्वोच्च धर्मगुरूंच्या वतीनेही सांगण्यात आले की, हा धार्मिक विधी असला, तरी देशाचा कायदा मानला पाहिजे. म्हणजे कायदा स्पष्ट असेल तर धर्मपीठही नमते! मग मुंबईच्या भेंडीबाजारातील मुलीने कोणते पाप केले, की सिडनीतील तिच्या मावसबहिणीला मिळणारे संरक्षण तिला मिळू नये? दोघींचा पंथ एक, धर्मगुरू एक. फरक केवळ पारपत्राचा.

आपल्याकडे आवाज उठविला तो याच समाजातील स्त्रियांनी. मासूमा रानाळवी यांच्यासारख्या महिलांनी स्वतःची व्यथा जाहीरपणे मांडली. 2015 साली मुंबईत 'सहियो' ही संस्था उभी राहिली. तिने ज्या 385 बोहरा स्त्रियांची पाहणी केली, त्यांतील 80 टक्के या विधीतून गेल्या होत्या. 2017 मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचले. त्या वर्षअखेर केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने न्यायालयात सांगितले की, ही प्रथा असल्याची अधिकृत आकडेवारी नाही! ज्या गुन्ह्याला कायद्यात नावच नाही, त्याची नोंद कोण ठेवणार? पुढे 2018 मध्ये महान्यायवाद्यांनी हे कृत्य प्रचलित कायद्यांखालीही गुन्हाच असल्याचे सांगून सरकारची भूमिका सुधारली, हे योग्यच झाले. त्या वर्षी प्रश्न घटनापीठाकडे गेला आणि 2019 मध्ये शबरीमलाच्या प्रश्नांबरोबर आणखी मोठ्या पीठाशी जोडला गेला. तारखा पुढे सरकत राहतात. सात वर्षांची मुलगी मात्र सातचीच राहत नाही.

आणि आपले पुरोगामी? मंदिरप्रवेशासाठी मोर्चे काढणारे कंठ येथे एकाएकी का बसतात? अल्पसंख्याकांच्या भावना हे त्यांचे उत्तर. परंतु ती मुलगीही त्याच अल्पसंख्याकांतील नव्हे काय? बहिष्काराच्या धाकाने बोहरा सुधारक पिढ्यान्‌पिढ्या दबले. मुंबई राज्याने 1949 साली समाजबहिष्काराविरुद्ध कायदा केला. 1962 मध्ये तो सर्वोच्च न्यायालयात धर्मस्वातंत्र्याच्या नावाखाली रद्द झाला. महाराष्ट्राला नवा कायदा करण्यास 2016 साल उजाडावे लागले.

आता परभणीकडे वळू. 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार या जिल्ह्यातील 20 ते 24 वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे 48 टक्के स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झाले होते. महाराष्ट्रातील हे सर्वांत मोठे प्रमाण. ऊसतोडीला जाताना मुलगी कोणाजवळ ठेवायची, हे त्यामागचे एक कारण खरे आहे. पण 'असेच चालत आले', 'मुलीच्या भल्यासाठीच' ही वाक्ये बोहरा आजीच्या तोंडची आणि आपल्या मांडवातली एकच आहेत. संत जनाबाईंच्या गंगाखेडचा हा जिल्हा आहे. 1829 मध्ये सतीबंदी झाली, 1929 मध्ये हरविलास सारडांचा बालविवाहविरोधी कायदा आला; धर्म बुडाला नाही, उलट उजळला. 2006चा बालविवाह प्रतिबंधक कायदा मात्र आपल्या मांडवाच्या दारातच अडतो.

म्हणून मागणी दुहेरी हवी. खतन्याला नाव घेऊन गुन्हा ठरविणारा कायदा संसदेने करावा. आणि परभणीतील प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या गावातील पुढचा बालविवाह पत्रिका छापण्यापूर्वी थांबवावा. शेजारच्या मुलीसाठी न्याय मागण्याचा अधिकार आपल्या अंगणातील मुलीला न्याय देऊनच मिळत असतो.